खिसेकापूची भूमिका : एका तरुण नटाला पत्र

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुंबईत आल्यापासून केलेल्या कामांची यादी त्यात दिली आहेस : हवालदार, कुरिअरवाला, हॉटेलातला वेटर, पुन्हा हवालदार. आणि शेवटी विचारलं आहेस, की अशी कामं करत करत माणूस चरित्र अभिनेता होतो, की नुसता जुना होतो? प्रश्नात निराशा आहे, पण कामाचा कंटाळा दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले. धीराचे चार शब्द लिहून मला मोकळं व्हायचं नाही. त्यापेक्षा एका नटाचं काम तुझ्यापुढे ठेवते. त्याचं नाव कुर्ट बॉइस. नाव तू ऐकलं नसशील, पण माणूस तू पाहिला आहेस.

१९४२ चा ‘कासाब्लांका’ आठव. अगदी सुरुवातीला शहरात पोलिसांची धरपकड चालू होते. रस्त्याकडेच्या कॅफेत बसलेल्या एका इंग्रज जोडप्याला काय चाललंय ते कळत नाही. तेवढ्यात बारीक चणीचा एक अदबशीर माणूस पुढे होतो आणि त्यांना समजावून सांगतो, की वाळवंटात दोन जर्मन निरोप्यांचा खून झाला आहे, म्हणून नेहमीप्रमाणे निर्वासितांना आणि उदारमतवाद्यांना उचलून नेताहेत. मग तो त्या इंग्रज गृहस्थाला अगदी चिकटून उभा राहतो आणि कळवळून बजावतो, की साहेब, सांभाळून राहा, इथे चहूकडे गिधाडं टपून बसली आहेत. एवढं बोलून तो जातो. गृहस्थ खिसा चाचपतात. पाकीट नाही! हॉटेलवरच विसरलं असेल, असं बायकोला म्हणेपर्यंत डोक्यावरून विमान जातं आणि सगळं शहर वर बघायला लागतं. बॉइसचं काम जेमतेम मिनिटभराचं. पुढे एकदा कॅफेच्या गर्दीत तो म्हाताऱ्या वेटरला धडकतो, अदबीने माफी मागतो, आणि वेटर घाईघाईने आपले खिसे तपासतो. बस्स.

आता हे मिनिट लेखकाच्या बाजूने बघ. लेखकाला प्रेक्षकांपर्यंत एक गठ्ठा माहिती पोचवायची आहे : खून झालाय, निरोपे जर्मन होते, निर्वासित अडकून पडलेत, व्हिसासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अशी माहिती सांगायला लेखक नेहमी छोट्या नटाला पुढे करतो. तुझा हवालदार येऊन ‘साहेब, गाडीचा नंबर पुण्याचा आहे’ म्हणतो, ते याच जातीचं काम. बहुतेक नट असं वाक्य नीट, स्पष्ट, आज्ञाधारकपणे म्हणून टाकतात, आणि वाक्य संपताच स्वतःही संपतात. बॉइस ती सगळी माहिती चोरीसाठी वापरतो. त्याला त्या पाकिटापर्यंत पोचायचं आहे, आणि पोचण्यासाठी त्याच्याजवळ बोलण्याशिवाय दुसरं साधन नाही. म्हणून तो जवळ सरकतो, म्हणून आवाज खाली आणतो, म्हणून समोरच्याची नजर आपल्या चेहऱ्यावर खिळवून ठेवतो. वरच्या अंगाने काळजी, खालच्या अंगाने कामगिरी. दोन्ही एकाच वेळी खरी वाटतात, कारण त्याची काळजी खोटी दाखवायचा तो अजिबात प्रयत्न करत नाही. प्रेक्षकाला डोळा मारत नाही. आपण नंतर हसतो ते त्याच्यावर नाही, त्या सावध राहण्याच्या सल्ल्यावर हसतो.

हे लक्षात ठेव, आणि तुझ्या पुढच्या हवालदाराकडे असं बघ. त्याला या क्षणी काय हवं आहे? साहेबांनी आज लवकर सोडावं असं हवंय? पायातला बूट चावतोय? आरोपीच्या बायकोची त्याला दया आलीय आणि ती दिसू द्यायची नाहीये? संहितेत हे काही लिहिलेलं नसेल. दिग्दर्शकाला सांगायचीही गरज नाही. पण ते तुझ्याजवळ असेल तर वाक्य आपोआप कुठे तरी जाईल. फक्त एक पथ्य पाळ : तुला जे हवंय ते सीनच्या आड येता कामा नये. बॉइसने त्या मिनिटात एक चमत्कारिक खोकला किंवा लंगडं पाऊल घुसडलं असतं तर आपण त्याला बघत बसलो असतो आणि खुनाची बातमी ऐकलीच नसती. छोट्या भूमिकेत ‘काहीतरी वेगळं’ करून दाखवायची हौस नटाला फार लवकर संपवते. मी ते डोळ्यांदेखत बघितलं आहे.

हा माणूस त्या कॅफेपर्यंत कसा पोचला, ते आता सांगते. त्यातच तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

बॉइस बर्लिनचा, १९०१ चा जन्म, ज्यू कुटुंबातला. जर्मन सिनेमाला नीट पाय फुटायच्या आधी, १९०७ मध्ये, तो पडद्यावर आला, वय सहा. त्याच सुमारास लेओ फालच्या ‘डेर फिडेले बावर’ या संगीतिकेत, बर्लिनच्या थिएटर डेस वेस्टेन्समध्ये, हाइनर्लं या छोट्या मुलाचं काम करून तो शहरभर माहीत झाला. १९०९ मध्ये त्याने पडद्यावर छोटा गुप्तहेर केला. म्हणजे ज्या वयात आपली मुलं स्नेहसंमेलनात झाड होऊन उभी राहतात, त्या वयात हा पोटासाठी नट झालेला. बहीण इल्झे बॉइस हीसुद्धा पुढे कॅबरेची नावाजलेली कलाकार.

बालकलाकारांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आवाज फुटतो, चेहरा बदलतो, आणि लोकांना तोच जुना गोंडस मुलगा हवा असतो. बॉइसने त्यातून वाट काढली ती अंगाच्या जोरावर. नाच, उड्या, पडणं, सावरणं, वेळेचा काटेकोर अंदाज. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचच्या १९१९ च्या ‘डी आउस्टर्नप्रिन्सेसिन’मध्ये तो वाद्यवृंदाचा संचालक आहे. लग्नाच्या मेजवानीत फॉक्सट्रॉटची साथ पसरते, स्वयंपाकघरातल्या नोकरांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे नाचायला लागतात, आणि या साथीचं उगमस्थान म्हणजे संचालकाची कंबर. मूकपट आहे, एक सूर ऐकू येत नाही, तरी त्या कमरेवरून तुला ठेका कळतो. हे एकदा बघ आणि मग आरशासमोर उभं राहून स्वतःला विचार, माझ्या शरीराचा कुठला भाग बोलतो? तुझं वाचिक चांगलं आहे, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण मानेखाली तू अजून गप्प आहेस. एकांकिकांच्या स्पर्धांमधून आलेल्या पुष्कळ मुलांचं असं होतं. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवण्यातच सगळी ताकद जाते.

विसाच्या दशकात बॉइस बर्लिनचा मोठा विनोदी नट झाला. १९२७ च्या ‘डेर फ्युर्स्ट फोन पापेनहाइम’मध्ये तो फॅशनच्या दुकानातला नोकर आहे, आणि वेळ येते तेव्हा बाईचा झगा चढवून मिरवतो. रंगभूमीवर ‘चार्लीज आंट’ हे त्याचं गाजलेलं काम. हे नाटक आपल्याला परकं नाही, आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ त्याच झाडाची फांदी आहे, आणि विजय चव्हाणांची मावशी तुझ्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असेल. विजय चव्हाण काय करत होते ते आठव. साडीची, पदराची थट्टा ते करत नव्हते. मावशीला त्या क्षणी जे साधायचं असे ते मनापासून साधायला बघत होते, म्हणून प्रेक्षक लोटपोट होत. बॉइसच्या जतन झालेल्या मूकपटांतही मला तेच दिसतं. झगा घातलेल्या माणसाला लाज वाटत नाही, उलट झगा नीट बसतोय ना याची चिंता वाटते. तुला उद्या असं काम आलं तर नाही म्हणू नकोस, पण बायकांची टिंगल करण्यासाठी ते करू नकोस. नुसतं हिणवणं फार वेळ टिकत नाही, आणि तुझ्या हातून ते झालेलं मला बघवणार नाही.

मग १९३३ आलं. नाझी सत्तेवर आले आणि ज्यू नटांना रंगमंच बंद झाला. बॉइसने देश सोडला, १९३४ मध्ये न्यूयॉर्क गाठलं आणि काही वर्षांनी हॉलिवूड. त्याच्या मागे बर्लिनमध्ये काय झालं ते ऐक. १९४० मध्ये ‘डेर एविगे यूडे’ नावाचा ज्यूद्वेष्टा प्रचारपट निघाला. त्यात बॉइसचे ते झगा घातलेले तुकडे कापून लावले, ‘बघा, हे लोक किती विकृत असतात’ असं दाखवायला. फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ या सिनेमामधलं पेटर लोरेचं थरकाप उडवणारं मनोगतही तसंच वापरलं, जणू खुनी हे पात्र नव्हतंच, तो नटच खुनी होता. लोकांना हसवण्यासाठी केलेलं काम, त्याच्याच जातभाईंना मारण्याची तयारी म्हणून वापरलं गेलं. याबद्दल मी तुला काही उपदेश करू शकत नाही. आपल्या धंद्याचा इतिहास लिहिताना हे पान वगळायचं नाही, एवढंच.

त्या काळातले सगळेच अमेरिकेला पोचले नाहीत. काही आपल्या मुंबईत आले. ‘डी लिटरारिशे वेल्ट’ हे बर्लिनचं वजनदार साप्ताहिक चालवणारा, पाब्स्ट या दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी पटकथा लिहिलेला विली हास १९३९ मध्ये मुंबईत उतरला आणि इथले दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्यासाठी पटकथा लिहू लागला. आकाशवाणीची सकाळची सुरावट ज्याच्या नावावर सांगतात तो वॉल्टर कॉफमन त्याच्या आधीच इथे होता. मालाडला बॉम्बे टॉकीजमध्येही तेव्हा जर्मन दिग्दर्शक आणि छायालेखक काम करत होते, पण ते निर्वासित नव्हते. दिग्दर्शक फ्रांत्स ओस्टेन तर नाझी पक्षाचा सदस्य होता. एकाच शहरात, एकाच धंद्यात दोन्ही प्रकारचे जर्मनभाषक. मालाडच्या बाजूला शूटिंगला जातोस तेव्हा हे तुझ्या मनात असावं असं मला वाटतं.

‘कासाब्लांका’कडे परत येते, कारण त्या सिनेमाच्या छोट्या भूमिकांमध्ये अर्धं बर्लिन आणि व्हिएन्ना उभं आहे. ज्या खुनाची बातमी बॉइसचा खिसेकापू सांगतो, त्या खुनातला गुन्हेगार उगार्टे म्हणजे पेटर लोरे. खिसे चाचपणारा वेटर म्हणजे एस. झेड. साकाल, मूळचा बुडापेस्टचा, बर्लिन-व्हिएन्नाच्या पडद्यावर गाजलेला. अमेरिकेला जायचं म्हणून मोडकं इंग्रजी एकमेकांशी बोलून बघणारं ते वयस्क जोडपं म्हणजे लुडविग श्टोसेल आणि इल्का ग्रुनिंग. ग्रुनिंगबाई बर्लिनमध्ये नटांना शिकवायच्या! सुरुवातीच्या धरपकडीत गोळी लागून पडणारा माणूस वोल्फगांग त्सिल्त्सर, आणि हिरे विकायला बसलेली बाई लोट्टे पाल्फी. दोघंही तिकडूनच पळून आलेले. जर्मन मेजर करणारा कॉनराड फाइट स्वतः ज्यू बायकोसह देश सोडून आला होता आणि हॉलिवूडने त्याला नाझींचे गणवेश घालायला लावले. सेटवर ही मंडळी जे खेळत होती ते त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या वृद्ध जोडप्याचा प्रवेश मी अजूनही विद्यार्थ्यांना दाखवते. विनोदी प्रवेश आहे, घड्याळात किती वाजले हे चुकीच्या इंग्रजीत विचारण्याचा. दोघं तो अगदी आनंदाने खेळतात. रडू आपल्याला येतं, त्यांना नाही.

अमेरिकेतली बॉइसची सोळा वर्षं म्हणजे वेटर, हेडवेटर, नोकर, नृत्यशिक्षक, हॉटेलातला परदेशी माणूस. बर्लिनमध्ये ज्याच्या नावावर तिकिटं खपायची, त्याला उच्चारामुळे तेवढंच मिळालं. तू लिहिलं आहेस की हिंदी मालिकांमध्ये मराठी उच्चार ऐकला की लगेच हवालदार किंवा कामवाल्या बाईचा नवरा देतात. खरं आहे, आणि ते चीड आणणारंही आहे. पण तुझी परिस्थिती आणि त्याची परिस्थिती एका पारड्यात घालू नकोस. तुझं गाव जागेवर आहे, तुझी भाषा जागेवर आहे. रविवारी शिवाजी मंदिरात तिकीट काढून तुझ्या भाषेत नाटक बघता येतं. त्याचं सगळंच गेलं होतं. तरी तुमच्यात एक गोष्ट सारखी आहे, आणि तीच शिकण्यासारखी आहे : दुसऱ्याच्या भाषेत काम करताना वाक्यावर ताबा कमी असतो, म्हणून बाकीच्या सगळ्यावर ताबा वाढवावा लागतो.

१९४१ चा ‘होल्ड बॅक द डॉन’ बघ. मेक्सिकोच्या सीमेवर व्हिसाची वाट बघत हॉटेलात तुंबलेले लोक, त्यांतला एक बॉइस. त्यानंतर १९४९ चा ‘कॉट’ (Caught, म्हणजे ‘अडकलेली’) बघ, माक्स ओफ्युल्सने दिग्दर्शित केलेला. ओफ्युल्ससुद्धा जर्मनीतून परागंदा झालेला. त्यात बॉइस फ्रान्झी नावाच्या माणसाचं काम करतो, एका लहरी कोट्यधीशाच्या पदरी राहिलेला, त्याची मर्जी सांभाळणारा साहाय्यक. त्याच्या तोंडी एकच लाडिक संबोधन आहे, ‘डार्लिंग’, ते तो पुन्हा पुन्हा वापरतो. पहिल्यांदा ऐकताना तो लोचट वाटतो. मग त्याच शब्दात कंटाळा ऐकू येतो, मग भीती, मग नायिकेबद्दलची कणव, जी दाखवायला तो धजत नाही. कान देऊन ऐक. वाक्य तेच, संबंध बदलत जातो. मला विचारशील तर अमेरिकेतलं त्याचं सगळ्यात पक्व काम हे आहे, खिसेकापूपेक्षाही. खिसेकापू चतुर आहे, फ्रान्झी माणूस आहे.

इथे तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या मुद्द्यावर येते : कामं नाकारायची कधी? मित्रांनी तुला सांगितलं आहे की दोन वर्षं हवालदार नाकार, म्हणजे किंमत येईल. मी तसं सांगणार नाही. भाडं द्यायचं आहे, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा सराव घरी बसून होत नाही. मात्र तीन गोष्टी असतील तर नाही म्हण : जिथे तुझ्या समाजाची किंवा दुसऱ्या कुणाची टर उडवणं एवढंच पात्राचं काम आहे, जिथे मानधनाची तारीख विचारल्यावर समोरचा चिडतो, आणि जिथे तुला संपूर्ण प्रवेश वाचायला देत नाहीत, फक्त तुझी ओळ मोबाइलवर पाठवतात. तिसरी अट पाळणं आजकाल कठीण आहे, मला ठाऊक आहे. तरी प्रत्येक वेळी माग. दहात एकदा मिळेल, आणि मागणारा नट म्हणून तू लोकांच्या लक्षात राहशील. तीन सोडून बाकी सगळं घे. हवालदार आला तर घे, आणि आधीच्या हवालदारापेक्षा वेगळा हवालदार कर. चालण्यात फरक कर, टोपी काढून कुठे ठेवतो त्यात कर. कास्टिंगवाल्यांना बारकाव्याची भाषा कळत नाही असं तू म्हणतोस. काहींना कळते. ती मंडळी फार बोलत नाहीत, पण नाव टिपून ठेवतात.

१९५० मध्ये बॉइस बर्लिनला परतला. उद्ध्वस्त शहर, दोन तुकडे झालेलं. तो आधी पूर्व बर्लिनमध्ये गेला. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘पुंटिला’ या नाटकामध्ये जमीनदार पुंटिलाचं काम आधी लेओनार्ड श्टेकेल करत असे. नंतर ते बॉइसकडे आलं. म्हणजे रिप्लेसमेंट! तुला नाटकात रिप्लेसमेंट विचारली तेव्हा तू महिनाभर माझ्याकडे कुरकुर केली होतीस, म्हणून हे मुद्दाम सांगते. पुंटिला प्यायलेला असला की प्रेमळ, माणुसकीने ओथंबलेला, आणि शुद्धीवर आला की निर्दय मालक. दुसऱ्याने गाजवलेली अशी भूमिका हाती आली की नट दोन गोष्टी करतो : एक तर नक्कल, नाहीतर हट्टाने उलटं. बॉइसकडे तिसरा रस्ता होता, त्याचं स्वतःचं शरीर. अंगकाठी पुंटिलासारख्या धिप्पाड जमीनदाराची नव्हे, पण पडता पडता सावरण्याची जी विद्या त्याने लहानपणापासून कमावली होती, ती दारुड्याच्या कामी आली. पुढे आल्बेर्तो काव्हालकांतीने ऑस्ट्रियात या नाटकाचा सिनेमा केला, त्यातही पुंटिला बॉइसच आहे. संगीत हान्स आइस्लरचं. सोळा वर्षं थाळ्या उचलणारा माणूस अचानक सगळं घर डोक्यावर घेतो, ते बघताना मला तरी फार समाधान वाटतं. ताकद गेलेली नव्हती. छोट्या भूमिकांनी ती खाल्ली नव्हती. कारण त्या भूमिका त्याने कधी अर्ध्या मनाने केल्या नव्हत्या.

तरी त्याला पूर्वीची लोकप्रियता परत मिळाली, असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. पश्चिम बर्लिनमध्ये गेल्यावर नाटक, दूरचित्रवाणी, अधूनमधून सिनेमा, असं चालू राहिलं. परत आलेल्या निर्वासितांकडे बघून ओशाळणारा तो समाज होता, आणि ओशाळलेली माणसं कामं देत नाहीत.

म्हातारपणी मात्र दोन भूमिका अशा आल्या की त्या दुसऱ्या कोणाला करताच आल्या नसत्या. पहिली १९८१ ची, मार्कुस इम्होफच्या ‘दास बोट इस्ट फोल’मधली. दुसऱ्या महायुद्धात पळून स्वित्झर्लंडमध्ये शिरलेले काही निर्वासित एका खेड्यात कुटुंब असल्याचं नाटक करतात, कारण नियमानुसार कुटुंबाला कदाचित राहू देतील. त्यांतला व्हिएन्नाचा म्हातारा बॉइस आहे. जो स्वतः वाचला तो ऐंशीव्या वर्षी, ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांच्यातला एक म्हणून उभा राहतो. त्याने ते किती कमी करून केलं आहे ते बघ. लुबिचच्या सिनेमात कमरेने अख्खा महाल नाचवणारा माणूस इथे जवळजवळ हलत नाही. चेहऱ्यावर दुःखाची जाहिरात नाही. कुटुंबाचं ते नाटक टिकावं, एवढीच त्याची धडपड.

दुसरी तू नक्की पाहिली असशील, १९८७ चा विम वेंडर्सचा ‘विंग्ज ऑफ डिझायर’. त्यात होमर नावाचा वृद्ध कथेकरी आहे. ग्रंथालयाचे जिने धापा टाकत चढतो, आणि मग बर्लिनच्या भिंतीच्या कडेला, ओसाड माळावर, पोट्सडामर प्लाट्झ हा शहरातला जुना चौक शोधत फिरतो. इथे कॅफे योस्टी होता, दुपारी मी इथे कॉफी प्यायला बसायचो, असं मनाशी म्हणतो. चिखल, गवत, आणि कोणी तरी टाकून दिलेली एक आरामखुर्ची. चौक नाहीच. हे वाचिक फक्त मनातलं आहे, ओठ हलत नाहीत, तेव्हा नटाकडे उरते ती चाल आणि थांबणं. तो चालतो ते रस्ता विसरलेल्या माणसासारखं अजिबात नाही. रस्ता त्याला पक्का ठाऊक आहे, चौकच गायब झाला आहे, अशा रागाने चालतो. १९०१ मध्ये त्याच शहरात जन्मलेला नट हे काम करत होता, आणि चित्रीकरण चालू असताना ती भिंत खरीखुरी उभी होती. या कामासाठी १९८८ मध्ये, युरोपियन चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा, सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा मान त्याला मिळाला. पहिल्या सिनेमाला ऐंशी वर्षं उलटून गेली होती. १९९१ च्या नाताळच्या दिवशी तो बर्लिनमध्येच वारला; त्याआधी भिंत पडलेली त्याने पाहिली.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, आणि तुझ्या वयाच्या नटांनी उचलावी अशी. ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये त्या म्हाताऱ्याच्या सोबत फिरणारा देवदूत ओटो झांडर आहे, आणि दुसरा देवदूत ब्रुनो गांत्स. या दोघांनी पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, एक माहितीपट केला होता, ‘गेडेश्टनिस’ नावाचा. दोन ज्येष्ठ नटांवर : कुर्ट बॉइस आणि बर्नहार्ट मिनेटी. बॉइस देशोधडीला लागलेला, मिनेटी नाझी काळात बर्लिनच्याच रंगमंचावर काम करत राहिलेला. अशा दोन म्हाताऱ्यांकडे दोन ऐन भरातले नट कॅमेरा घेऊन जातात आणि ऐकत बसतात.  पुढे झांडर जेव्हा देवदूत होऊन त्या वृद्धाच्या मागे मागे चालतो, तेव्हा त्याच्या बघण्यात जी ओळख आहे ती या माहितीपटात कमावलेली आहे, असं मला पक्कं वाटतं.

तुझ्या आसपास असे नट आहेत. तू शूटिंगला जातोस तिथे दुपारच्या जेवणाला एका कोपऱ्यात बसलेले, पन्नास वर्षं नाटक-सिनेमात घालवलेले, ज्यांना आता न्यायाधीश किंवा आजोबा एवढंच देतात. त्यांच्या शेजारी ताट घेऊन बस. सेल्फी मागू नकोस. कामगार रंगभूमीवर दौरे कसे व्हायचे, बस कुठे बंद पडायची, माईक नसताना खुल्या मैदानावर आवाज कसा लावायचा, हे विचार. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. आपल्याकडे हे कोणी करत नाही आणि माणसं जातात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाजवळ जे जुनं आहे तेही एकदा येऊन बघ. मी तिथल्या वाचनालयाची वेळ विचारून तुला कळवते.

सिनेमे या क्रमाने बघ : आधी ‘कॉट’, मग ‘कासाब्लांका’ची पहिली दहा मिनिटं, मग लुबिचचा मूकपट, आणि शेवटी वेंडर्स. तारखांच्या क्रमाने पाहिलंस तर ती नुसती चढउताराची कहाणी वाटेल, म्हणून उलटसुलट सांगितलं. खिसेकापूचं ते मिनिट दोनदा बघ, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि त्याचे पाय कुठे आहेत ते कागदावर काढ. नटाने दुसऱ्या नटाच्या पायांचा नकाशा काढावा, ही माझी जुनी सवय तुला माहीतच आहे.

आणि पुढच्या आठवड्यात त्या बँकेच्या शिपायाचं शूटिंग आहे म्हणालास, तर त्याची पानं मला आधी पाठव. शिपाई फाइल घेऊन आत येतो आणि जातो, एवढंच असलं तरी पाठव. बँकेत जाऊन अर्धा दिवस खऱ्या शिपायाला बघ, तो चहा कुठे ठेवतो, साहेबांच्या केबिनचं दार कोणत्या हाताने उघडतो, किल्ल्या कुठे अडकवतो. मग फोन कर, रात्री नऊनंतर, सावकाश बोलू. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई